बाल्कनीलगतच्या कोपऱ्यासाठी आरामखुर्ची : जुनी सागवानी घ्यावी की नवी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका संकुलात दोन बेडरूमचे घर आहे आणि हॉलमधील बाल्कनीलगतच्या कोपऱ्यात निवांत वाचत बसण्यासाठी एक आरामखुर्ची घ्यायची आहे. ती मुख्यतः पती-पत्नी वापरतील, पण पंचाहत्तरीचे वडीलही दुपारी तिच्यावर बसतील आणि त्यांचे गुडघे दुखतात. मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात वेताच्या जाळीची एक जुनी सागवानी खुर्ची पसंत पडली आहे, ऑनलाइन पाहिलेली ईम्स लाउंज चेअर या नावाजलेल्या अमेरिकन खुर्चीची एक नक्कलही मनात भरली आहे, आणि घरातल्या काहींचे म्हणणे आहे की सरळ रिक्लायनर, म्हणजे पाठ मागे कलणारा आणि पाय वर उचलून धरणारा कोच, घ्यावा. तेव्हा जुने घ्यावे की नवे, असे विचारले आहे.

ठाणे आणि नवी मुंबईतील घरांमधल्या खुर्च्या-सोफे दुरुस्त करणे, त्यांचे वेत विणून घेणे आणि गाद्या बदलणे हाच माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे की जुने की नवे हा निर्णय तिसऱ्या क्रमांकाचा आहे. त्याआधी दोन गोष्टी ठरवायला हव्यात : त्या खुर्चीतून उठणार कोण, आणि पाच-सात पावसाळ्यांनंतर ती खुर्ची इथल्या कारागिराला उघडून दुरुस्त करता येईल का. या दोन्हींची उत्तरे मिळाली की जुन्या-नव्याचा प्रश्न बहुतेक वेळा आपोआप सुटतो.

उठण्यापासून सुरुवात करतो, कारण दुकानात सगळे जण खुर्चीत बसून पाहतात, तिच्यातून उठण्याकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. गुडघे दुखणारी वयस्कर व्यक्ती खुर्चीतून उठताना नीट पाहावे. आधी ती दोन्ही पाऊले मागे, गुडघ्यांच्याही मागे घेते, मग कंबर पुढे सरकवते, दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांच्या पुढच्या टोकांवर टेकवते आणि मग धड पुढे झुकवून उठते. यातली एक जरी गोष्ट खुर्चीने अडवली तरी त्या व्यक्तीला दुसऱ्या कोणाला हाक मारावी लागते. बैठकीखाली पुढची बाजू फळीने किंवा कापडाने बंद असेल तर पाऊले मागे जात नाहीत. हात बैठकीच्या कडेआधीच संपत असतील तर तळव्यांना टेकू मिळत नाही. बैठक मागच्या बाजूला खोल उतरती असेल तर कंबर पुढे सरकवण्यातच निम्मी शक्ती खर्च होते. आणि बैठक जमिनीपासून फार खाली असेल तर सगळा भार गुडघ्यांवर येतो.

म्हणून घरातून निघताना मापे घेऊन निघावे. वडिलांना स्वयंपाकघरातल्या साध्या खुर्चीवर, अनवाणी, पाऊले जमिनीवर सपाट टेकवून बसवावे आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतची उंची मोजावी. पाश्चात्त्य खुर्च्यांची मापे पायात बूट धरून केलेली असतात, आपण घरात अनवाणी वावरतो, त्यामुळे कॅटलॉगमधली ‘नेहमीची’ उंची आपल्याकडच्या कमी उंचीच्या माणसाला एखादा इंच जास्तच वाटते. मात्र लाउंज चेअर हा प्रकारच मुळात बुटका असतो. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीची बैठक साधारण १७-१८ इंचांवर असते, तर लाउंज चेअरची १४ ते १६ इंचांवर. तिशी-चाळिशीच्या माणसाला १५ इंच आल्हाददायक वाटतात, पण गुडघे दुखणाऱ्या वडिलांसाठी १७ इंचांच्या खाली जाऊ नये असे मी सांगेन, आणि हे माप गादी दबल्यानंतरचे धरावे. जाड, मऊ गादीची खुर्ची दुकानात १८ इंच भरते आणि माणूस बसला की १५ वर येते.

दुसरे माप बैठकीच्या खोलीचे. पाठ टेकवून बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि पोटरी यांच्यामध्ये दोन-तीन बोटे जागा राहिली पाहिजे. परदेशी आराखड्यांच्या खुर्च्यांत ही खोली बऱ्याचदा २१-२२ इंच असते. सव्वापाच फुटांच्या आतल्या व्यक्तीला ती जास्त होते, मग ती व्यक्ती पाठ न टेकवता बसते किंवा पाठीमागे उशी कोंबते, आणि ज्या आरामासाठी खुर्ची घेतली तोच हरवतो. आपल्या पत्नींची उंची आपण कळवलेली नाही, पण वाचन त्या जास्त करतात असे लिहिले आहे, तेव्हा खोलीचे माप त्यांच्यावरूनच घ्यावे. १८ ते १९ इंच हे आपल्याकडच्या बहुतेक स्त्रियांना मानवणारे माप आहे.

हातांची उंचीही वाचणाऱ्यासाठी महत्त्वाची आहे. दबलेल्या बैठकीपासून सात ते नऊ इंचांवर हात असले तर कोपर टेकवून पुस्तक धरता येते. त्याहून खाली असले तर खांदे ओघळतात आणि अर्ध्या तासात मान अवघडते. पाठ जितकी मागे कललेली, तितका कण्यावरचा भार खुर्चीच्या पाठीवर वाटला जातो हे खरे, पण तितकीच मानेला आधाराची गरज वाढते, हे विसरले जाते. फार कललेली पण खांद्यापर्यंतच पाठ असलेली खुर्ची वाचनासाठी घेऊ नये.

आता आपण पाहिलेल्या तिन्ही पर्यायांकडे येतो.

ईम्स लाउंज चेअर ही चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याची १९५६ सालची रचना आहे. उष्णतेने आणि दाबाखाली वाकवलेल्या प्लायवूडची तीन कवचे, त्यांवर चामड्याच्या गाद्या आणि सोबत पाय ठेवण्यासाठी स्वतंत्र ऑटोमन, असे तिचे स्वरूप असून हर्मन मिलर ही कंपनी ती तेव्हापासून आजतागायत बनवते आहे. खुर्ची अप्रतिम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आपल्यासमोर असलेली वस्तू ती खुर्ची नव्हे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वस्तू आहे, आणि तिची पारख तिच्या स्वतःच्या गुणांवर करायला हवी. मूळ खुर्चीचा पाया पाच फाट्यांचा असतो आणि ऑटोमनचा चार फाट्यांचा. अनेक नकलांमध्ये खुर्चीलाही चारच फाटे असतात. मूळ खुर्चीचा कल ठरलेला आहे, तो कमी-जास्त होत नाही. मूळ कवचांच्या बाहेरच्या बाजूला स्क्रूची डोकी दिसत नाहीत, कारण आतल्या बाजूला चिकटवलेल्या रबरी चकत्यांच्या आधारे कवचे जोडलेली असतात. या चकत्या हाच मूळ खुर्चीचाही नाजूक भाग आहे. काही दशकांनी रबर कडक होते आणि कधी कधी तुटताना लाकडाचा पापुद्राही सोबत घेऊन जाते.

नक्कल बनवणारे ही सगळी कसरत टाळतात. त्यांच्या खुर्चीत प्लायवूड कोणते, चिकटवणी कोणती, गादीत काय, याचा थांग लागत नाही. आपल्या प्रश्नापुरते बोलायचे तर अडचण त्याहून साधी आहे. या आराखड्याची बैठक जमिनीपासून साधारण पंधरा इंचांवर असते, मागे उतरती असते आणि त्यात पाया गोल फिरणारा असतो. आपल्या वडिलांनी हातांवर जोर दिला की खुर्ची त्यांच्या हाताखाली फिरण्याची शक्यता आहे. शिवाय ती सुमारे ३३ इंच रुंद आणि तितकीच खोल असते आणि ऑटोमनसह तिला पाच फुटांहून अधिक लांबी लागते. बाल्कनीचे सरकते दार तिच्यामुळे निम्मेच वापरात राहील. वडील त्या घरात नसते आणि कोपरा मोठा असता, तरी मी नकलेपेक्षा त्याच पैशात एखादी साधी, प्रामाणिक लाकडी खुर्ची सुचवली असती.

नकलेबद्दल, आणि खरे तर कुठल्याही नव्या खुर्चीबद्दल, सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तिच्या आवरणाचा आहे. ‘लेदरेट’, ‘व्हीगन लेदर’, ‘पीयू लेदर’ अशा नावांनी जे विकले जाते, ते कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर चढवलेले कापड असते. हवेतील बाष्पामुळे या थराची रासायनिक मोडतोड होते आणि आपल्याकडे, खाडीच्या दोन्ही काठांवर, जून ते सप्टेंबर हवा सतत ओली असते. ऐरोली, कोपरी, नेरूळ, वाशी, कुठेही जा, दृश्य तेच असते. आधी डोके टेकते त्या जागी बारीक भेगा पडतात, मग नखाने खरवडावे तसे काळे-तपकिरी कपचे निघू लागतात, पांढऱ्या कुर्त्याच्या पाठीला ते चिकटतात आणि खालचे राखाडी कापड उघडे पडते. यावर दुरुस्ती नाही, पूर्ण आवरण बदलावे लागते. जुन्या पद्धतीचे पीव्हीसीचे रेक्झिन अंगाला गरम लागते आणि चिकटते, पण ते असे सोलवटत नाही, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे. खरे चामडे टिकते, मात्र बंद घरात, प्लास्टिकखाली झाकून ठेवले तर पावसाळ्यात त्याच्यावर बुरशी येते, आणि पश्चिमेच्या उन्हात ते सुकून तडकते. आपला कोपरा बाल्कनीलगतचा आहे, म्हणून चामड्याचा विचार सोडावा आणि चेन लावलेली, काढून धुता येणारी जाड सुती खोळ निवडावी. एकाऐवजी दोन खोळी शिवून घ्याव्यात. पावसाळ्यात खोळ वाळायला दोन-दोन दिवस लागतात.

नव्या खुर्चीत आणखी काय पाहावे, हेही सांगून टाकतो. फोमची डेन्सिटी, म्हणजे घनता, विचारावी. बैठकीला ४० डेन्सिटीचा एचआर (जास्त लवचिक) फोम असला तर तो बरीच वर्षे दबून बसत नाही, पाठीला २८ किंवा ३२ पुरतो. विक्रेत्याला हे आकडे सांगता येत नसतील तर फोम हलका आहे असे समजून चालावे. सांगाडा प्लायवूडचा असेल तर तो आयएस ७१० या, ओलीत टिकणाऱ्या मरीन प्लायवूडच्या, मानकाचा आहे का ते विचारावे, आणि पार्टिकल बोर्डाचा असेल तर पुढे जावे, कारण ओलीने तो फुगतो आणि स्क्रू धरत नाही. धातूचे पाय क्रोमचे असतील तर खाडीच्या खाऱ्या हवेत त्यांवर गंजाचे ठिपके येतात. पावडर कोटिंग केलेले किंवा ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे पाय बरे. तुर्भ्यातील आयकियाच्या दालनात पोएंग नावाची खुर्ची बसून पाहता येईल. नोबोरू नाकामुरा या जपानी रचनाकाराची ती रचना असून थर चिकटवून वाकवलेल्या लाकडाचा तिचा सांगाडा बसल्यावर किंचित लवतो. तिची गादी काढता येते, खोळ बदलता येते आणि ती वजनाला हलकी आहे. नव्यातच घ्यायचे ठरले तर नकलेऐवजी या जातीची खुर्ची मी सुचवेन. फक्त वडिलांना तिच्यातून उठून पाहू द्यावे, कारण तिची बैठकही मागे उतरती आहे.

रिक्लायनरबद्दल थोडक्यात. वडिलांना पाय वर ठेवून बसण्याचा वैद्यकीय सल्ला असेल तर तो जरूर घ्यावा. तसा नसेल तर त्याच्या आतली यंत्रणा, मोटार आणि तिचे सुटे भाग ही सगळी त्या एका विक्रेत्यावर अवलंबून राहण्याची गोष्ट आहे, तो भिंतीपासून बराच पुढे ठेवावा लागतो आणि उघडल्यावर साडेपाच फूट जागा घेतो. शिवाय त्याचे आवरण बहुधा तेच, वर सांगितलेले, असते.

आता ओशिवऱ्यातली सागवानी खुर्ची. मला तिच्याबद्दल सर्वांत जास्त लिहावेसे वाटते, कारण नीट निवडली तर ती आपल्या हवेसाठीच बनलेली वस्तू आहे. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते, ते ओलीने फारसे हलत नाही आणि पक्क्या सागाला वाळवी सहसा लागत नाही. वेताच्या जाळीतून हवा खेळते, त्यामुळे मे महिन्यातही पाठ ओली होत नाही. आणि तिचा प्रत्येक भाग वेगळा करता येतो.

पण ‘जुनी आरामखुर्ची’ म्हणून बाजारात दोन-तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक असते ती लांब हातांची, ज्यांच्याखालून फळ्या फिरवून पुढे काढता येतात आणि त्यांवर पाय पसरता येतात, ती मळेवाल्यांची खुर्ची. पडून राहायला तिच्यासारखी दुसरी नाही, पण तिची बैठक खोल आणि मागे फार उतरती असते आणि वडिलांना तिच्यातून एकट्याने उठता येणार नाही. दुसरी असते सरळ, चार पायांची, थोडी कललेल्या पाठीची, पूर्वी वकिलांच्या कचेऱ्यांत आणि बंगल्यांच्या व्हरांड्यांत दिसणारी वेताची हातखुर्ची. आपल्या वर्णनावरून आपण पाहिलेली खुर्ची या दुसऱ्या प्रकारची वाटते आणि तसे असेल तर ती आपल्या घराला योग्य आहे. तिसरा प्रकार म्हणजे ‘चंदीगड खुर्ची’. चंदीगड उभे राहत असताना १९५० च्या दशकात पिएर जानरे या स्विस वास्तुरचनाकाराच्या मार्गदर्शनाखाली तिथल्या सरकारी इमारतींसाठी साग आणि वेताचे फर्निचर बनवले गेले. परदेशी लिलावांत त्याला लाखांच्या किमती येऊ लागल्यावर २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा वारसा-वस्तूंच्या विक्रीला आणि निर्यातीला बंदी घातली. तेव्हा कोणी वीस-पंचवीस हजारांत अस्सल चंदीगड खुर्ची देतो म्हणत असेल, पायावर रंगाने कार्यालयाचा क्रमांकही दाखवत असेल, तर ती नव्याने बनवलेली आहे असे धरूनच बोलावे. नव्याने बनवलेली असण्यात दोष काही नाही, फक्त किंमत नव्याची द्यावी.

खुर्ची तपासताना ती पहिल्यांदा उलटी करावी. विक्रेता कितीही घाईत असला तरी हे करावे, कारण वरून पॉलिशने सगळे सारखे दिसते. खालच्या बाजूला, जिथे पॉलिश पोहोचलेले नसते, तिथे विक्रेत्याची परवानगी घेऊन नखाएवढी जागा पातीने खरवडावी. साग असेल तर आत पिवळसर सोनेरी-तपकिरी रंग दिसतो आणि तेलकट, किंचित चामड्यासारखा वास येतो. फिकट, पांढुरके आणि बिनवासाचे लाकूड दिसले तर ते रंगवलेले रबरवूड किंवा तत्सम काही असावे. बाजारात ‘बर्मा टीक’, ‘सीपी’, ‘वलसाडी’ अशी, साग कुठला ते सांगणारी नावे सर्रास घेतली जातात. तयार खुर्चीत ती सिद्ध करणे कठीण असते, म्हणून नावासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. पायांच्या तळाशी आणि बैठकीच्या चौकटीत टाचणीच्या टोकाएवढी भोके असतील तर खाली पांढरा कागद ठेवून चौकटीवर हाताने ठोकावे. पिठासारखा ताजा भुसा पडला तर किडा जिवंत आहे, ती खुर्ची घरात आणू नये. भोके जुनी, काळपट आणि कोरडी असतील तर उपचार करून घेता येतात.

नंतर सांधे. खुर्ची सपाट फरशीवर ठेवून समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर आळीपाळीने दाब द्यावा, मग दोन्ही हात धरून आडवी हलवावी. थोडी हालचाल होत असेल तर घाबरू नये. जुन्या खुर्च्यांचे सांधे सरसाने चिकटवलेले असत आणि सरस ऊब व ओलीने सैल होतो, त्यामुळे सांधा न फोडता उघडता येतो, साफ करता येतो आणि पुन्हा चिकटवता येतो. भीती बाळगावी ती लोखंडी खिळ्यांची. आधीच्या कोणी तरी सैल सांध्यात खिळे ठोकलेले असतात, ते गंजतात, लाकूड काळे पडते आणि उभी चीर जाते. पायाच्या वरच्या टोकाशी, सांध्याच्या तोंडाशी, अशी चीर लांबी (पुट्टी) भरून पॉलिशने झाकलेली आहे का, हे बोटाने चाचपून पाहावे. लांबी भरलेली जागा गुळगुळीत पण थंड आणि रेषाहीन लागते. अशी चीर पुढच्या पायाला असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.

वेताबद्दल मात्र निश्चिंत राहावे. जाळी फाटलेली असेल तर ते भाव कमी करून घेण्याचे कारण आहे, खुर्ची नाकारण्याचे नव्हे. चौकटीला कडेने भोके असतील तर ती हाताने विणायची जाळी आहे. वेत भिजवून, सहा दिशांनी ओवून विणतात आणि वाळताना तो स्वतःच ताणला जातो. कडेने खाच असेल तर यंत्रावर विणलेली तयार जाळी पट्टी ठोकून बसवतात, ती स्वस्त आणि लवकर होते. दोन्ही टिकतात, पण हाताने विणलेली जाळी अधिक वर्षे ताठ राहते असा माझा अनुभव आहे. दृष्टिहीन कारागिरांनी हे विणकाम पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे, त्यांच्या संस्थांकडे काम देता आले तर अवश्य द्यावे. प्लास्टिकचा वेत बसवू नये. तो ओलसर होत नाही, पण वाळताना ताणलाही जात नाही, आणि झोळ आला की तसाच राहतो. घरी एसी सतत चालत असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा जाळीच्या खालच्या बाजूने ओला फडका फिरवावा. खालची बाजू पाणी शोषते, वरची चकचकीत बाजू शोषत नाही.

पॉलिश लाखेचे असेल तर पावसाळ्यात त्यावर पांढुरकी झाक येऊ शकते आणि गरम कपाचा डाग पडतो. ते उतरवून मेलामाइन किंवा पीयू प्रकारचे नवे पॉलिश करून द्यायला विक्रेता तयार असतो, आणि रोजच्या वापराला ते सोयीचेही आहे. पण हातांवर, जिथे माणसांचे तळवे वर्षानुवर्षे फिरून लाकूड मऊ झालेले असते, तिथे मशीन लावून घासू देऊ नये. ती झीज परत आणता येत नाही. मी गिऱ्हाइकांना लाखेचे पॉलिशच पुन्हा करून घ्यायला सांगतो, कारण डाग पडला तर तेवढीच जागा दुरुस्त होते.

आपल्या घरात तिचे जमवायचे ते असे. बैठक १६ इंचांवर असेल तर जाळीवर दोन इंचांची, ४० डेन्सिटीची, सुती खोळ घातलेली पातळ गादी बांधावी. ती फारशी दबत नाही, त्यामुळे वडिलांना हवी ती उंची मिळते, आणि पती-पत्नींना नको तेव्हा काढून ठेवता येते. पाय ठेवायला वेगळे बुटके स्टूल किंवा मुढा घ्यावा, म्हणजे वडील बसतील तेव्हा तो बाजूला सारता येतो. पायांखाली रबराच्या चकत्या लावाव्यात, म्हणजे व्हिट्रिफाइड फरशीवर उठताना खुर्ची मागे घसरणार नाही.

किमतीची तुलना करताना विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यात सांधे उघडून चिकटवणे, वेत, पॉलिश, गादी आणि टेम्पो हे सगळे मिळवून मगच नव्या खुर्चीच्या शेजारी ठेवावे. दुरुस्ती विक्रेत्याकडूनच करून घेणार असाल तर पॉलिश होण्याआधी, लाकूड उघडे असताना, एकदा जाऊन पाहण्याची अट घालावी आणि निम्मी रक्कम त्यानंतर द्यावी. लिफ्टच्या दाराची मोकळी रुंदी आधी मोजावी, आणि टेम्पोत खुर्ची पायांवर उभी ठेवून तिच्या जाळीवर दुसरे सामान चढवू देऊ नये.